पाखरे उडाली, पण जाळे कोणी कापले?

ज्वारी हुरड्यात आली की पाखरांचे थवे शिवारात उतरू लागतात. मग आपण माळ्यावर चढतो, गोफण फिरवतो, डबे बडवतो आणि घसा कोरडा होईपर्यंत हाऽ हाऽ करतो. त्याच वेळी घरातले लेकरू मोबाईलवर पाखरांचेच कार्टून पाहत असते आणि पडद्यावरची पाखरे पारध्याच्या हातून निसटली की टाळ्या पिटते. रानातले पाखरू हाकलायचे आणि चित्रातले पाखरू वाचले म्हणून हरखायचे, हे दोन्ही एकाच घरात चालते. यात लेकराचे काही चुकत नाही. पण ते जे चित्र पाहते, त्यातून त्याच्या पदरात काय पडते आणि काय निसटते, हे घरातल्या मोठ्यांनी एकदा तपासायला नको का?

त्यासाठी आज आपण एकच चित्रपट घेऊ. नाव आहे 'एक अनेक और एकता'. १९७४ साली भारत सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनने तो काढला. लांबी अवघी सात मिनिटांच्या आसपास. पुढे दूरदर्शनवर तो इतक्या वेळा दाखवला गेला की आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या पुष्कळ वाचकांना तो तोंडपाठ असेल. सर्वोत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. फिल्म्स डिव्हिजन २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली, पण हा चित्रपट काही विस्मरणात गेला नाही. मोबाईलवर आजही तो सापडतो आणि आजची पोरेही तो आवडीने पाहतात.

कोणी केला, कसा केला?

चित्रपट हिंदी असला तरी त्याला मराठी हात बरेच लागले आहेत. तो साकारला विजया मुळे यांनी. त्यांचा जन्म १९२१ सालचा, मुंबईचा. मुलांसाठी आणि शिक्षणासाठी चित्रपट हे त्यांचे आयुष्यभराचे काम होते. १९७५-७६ साली उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोचवण्याचा प्रयोग झाला. त्यात खेड्यातल्या मुलांसाठी जे शैक्षणिक कार्यक्रम तयार झाले, त्या कामातही त्या होत्या. २०१९ साली त्या निवर्तल्या.

संगीत वसंत देसाई यांचे. आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या सोनवड्याचा हा माणूस. 'अमर भूपाळी', 'श्यामची आई' आणि 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटांचे संगीत त्यांचेच. मुलीचा गोड आवाज आहे तो दाभोळला जन्मलेल्या, पुढे साधना सरगम या नावाने प्रसिद्ध झालेल्या गायिकेचा. त्या वेळी ती जेमतेम पाच वर्षांची होती. गीत लिहिले पंडित विनयचंद्र मौद्गल्य यांनी. दिल्लीतले गांधर्व महाविद्यालय त्यांनीच १९३९ साली सुरू केले. चित्रे आणि त्यांची हालचाल भीमसेन यांची. 'घरोंदा' (१९७७) हा मोठ्यांचा चित्रपट पुढे त्यांनीच दिग्दर्शित केला.

हाताने काढलेल्या हलत्या चित्रांचे काम म्हणजे बारीक टाक्यांच्या गोधडीसारखे. पडद्यावरून एका सेकंदाला २४ चित्रे सरकतात. म्हणजे सात मिनिटांत दहा हजारांवर. एकेक चित्र दोनदोनदा टिपले तरी काही हजार चित्रे हाताने काढावी लागतात. एक पाखरू पंख उचलते आणि खाली आणते, एवढ्यासाठीच किती कागद लागत असतील याचा हिशेब करून पाहा.

गोष्ट काय आहे?

बागेत काही मुले जमली आहेत. त्यांतला लहानगा थोरल्या ताईला विचारतो, अनेक म्हणजे काय? ताई व्याख्या सांगत बसत नाही. ती बोट दाखवते. सूर्य एक, चंद्र एक, पण तारे पुष्कळ. मग एक फुलपाखरू आणि पुष्कळ फुलपाखरे. एक खार आणि पुष्कळ खारी. आणि मग एक चिमुकले पाखरू आणि पाखरांचा थवा.

इथून गोष्ट सुरू होते. पाखरे दाणे टिपायला उतरतात आणि पारध्याच्या जाळ्यात सापडतात. घाबरतात, फडफडतात. मग त्यांच्यातल्याच एका शहाण्या पाखराच्या सल्ल्याने सगळी मिळून एकदम जोर करतात आणि जाळ्यासकट आकाशात उडतात. दूरच्या एका गावाजवळ त्यांचे मित्र उंदीर राहतात. ते जाळे कुरतडतात आणि पाखरे मोकळी होतात. गोष्ट ऐकून मुलांनाही हुरूप येतो. आपण एक झालो तर या झाडाचे आंबे काढता येतील का, असे ती विचारतात. ताई म्हणते, येतील, पण जुगत लावावी लागेल. मुले एक होऊन कामाला लागतात. शेवटी गाणे येते: रूप, पेहराव, भाषा निरनिराळ्या असल्या तरी या देशाचे लोक एकच आहेत.

काय साधले?

पहिला गुण असा की चित्रपटाला घाई नाही आणि पाल्हाळही नाही. सांगायचे एकच आहे आणि ते सात मिनिटांत सांगून तो बाजूला होतो. आजची कित्येक कार्टूने तास तास चालतात, क्षणाक्षणाला रंग बदलतात, कानठळ्या बसवतात आणि संपल्यावर पोराला विचारले की काय पाहिलेस, तर त्याला सांगता येत नाही. हा चित्रपट पाहिलेले पाच वर्षांचे मूल सगळी गोष्ट आजीला सांगू शकते. मुलांच्या चित्रपटाची याहून चांगली परीक्षा कोणती असणार?

दुसरा गुण शिकवण्याच्या रीतीचा. चांगला मास्तर जवळच्या वस्तूकडून लांबच्या विचाराकडे नेतो. इथे तारे, फुलपाखरे, खारी हे लेकराच्या डोळ्यांपुढचे आहे. त्यावरून 'एक' आणि 'अनेक' हे शब्द रुजतात आणि मगच 'एकी' हा अवघड शब्द येतो. बी पेरण्याआधी वाफसा पाहावा, तसे हे झाले.

तिसरा गुण फार मोलाचा आहे. गोष्ट चालू असताना मुले ताईला मधेच थांबवतात. व्याध म्हणजे कोण, असे एकजण विचारतो. पारध्याने पाखरांना मारले की काय, अशी शंका येते. लेकराच्या मनात आलेली भीती चित्रपट दाबून टाकत नाही. ती बोलू देतो आणि तिचे उत्तर देतो. घरी गोष्ट सांगताना पोराने मधेच प्रश्न केला की आपण चटकन 'गप ऐक' म्हणतो. आपणही या ताईकडून शिकण्यासारखे आहे.

चौथा गुण म्हणजे यात हाणामारी नाही. पाखरे पारध्याचे डोळे फोडत नाहीत, त्याला खड्ड्यात पाडत नाहीत. ती फक्त उडून जातात. संकटातून सुटणे आणि सूड घेणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे न बोलता मुलांना कळते. शिवाय भाषा हिंदी असूनही 'व्याध' काय किंवा 'जुगत' काय, हे शब्द आपल्या मराठीतही आहेत. खेड्यातले पोर कुठे अडत नाही.

आणि पाचवा गुण आंब्यांचा. गोष्ट ऐकून मुले नुसती माना डोलवत नाहीत, लगेच करून पाहतात. ऐकलेले हाताला लागले तरच ते टिकते.

काय निसटले?

आता दुसरी बाजू. चित्रपटावर आपला लोभ असला तरी उणे ते उणेच म्हणायला हवे.

ही पाखरे कोणती? काही कळत नाही. चिमण्या म्हणाव्यात, होले म्हणावेत की पारवे? सगळी सारखी, एका छापाची. सात मिनिटे पाखरे पाहूनही मुलाला एकाही खऱ्या पाखराची ओळख होत नाही. ते काय खाते, घरटे कुठे बांधते, त्याची पिले कशावर वाढतात, काही नाही. पाखरांच्या रूपाने सांगितलेली ती माणसांची गोष्ट आहे. तशी ती असायला हरकत नाही, पण आईबापांनी हे ओळखून असावे. पाखरांवरचे कार्टून पाहिले म्हणजे पाखरे कळली, असे होत नाही.

उंदरांचेही तसेच. चित्रात ते जिवाभावाचे मित्र आहेत, आणि आपल्या कणगीत, उसात, भुईमुगात त्यांनी काय मांडले आहे ते आपण जाणतो. पोर विचारील, 'आई, उंदीर चांगला की वाईट?' यावर हसून विषय उडवू नये. गोष्टीतला उंदीर म्हणजे लहानसा पण अडचणीला धावणारा मित्र, आणि कणगीतला उंदीर म्हणजे आपल्या दाण्याचा वाटेकरी, हा फरक पाच वर्षांच्या मुलालाही सांगता येतो.

पारधीही नुसता दुष्ट म्हणून येतो आणि जातो. इथे थोडे जपायला हवे. ब्रिटिशांनी १८७१ साली कायदा करून देशातल्या कित्येक जमातींच्या कपाळी 'गुन्हेगार' असा शिक्का मारण्याची सुरुवात केली. १९५२ साली तो कायदा गेला, पण फासेपारध्यांसारख्या लोकांच्या वाट्याचे चटके काही लगेच थांबले नाहीत. आपल्या पोराने चित्रातल्या व्याधावरून शाळेत शेजारी बसणाऱ्या एखाद्या मुलाला चिडवू नये, याची काळजी चित्रपट घेऊ शकत नाही. ती घरानेच घ्यायची. रानपाखरे जाळ्यात धरणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, मग धरणारा कोणीही असो. एवढे सांगितले की पुरे.

पण सर्वांत मोठे उणे वेगळेच आहे. त्यासाठी जुन्या गोष्टीकडे जावे लागेल.

मूळ गोष्ट काय सांगते?

ही गोष्ट पंचतंत्रात आहे आणि नारायण पंडिताच्या हितोपदेशातही आहे. हितोपदेशातली गोष्ट तर आपल्याच गोदावरीच्या तीरावरच्या एका मोठ्या सावरीच्या झाडापासून सुरू होते. कबुतरांचा राजा चित्रग्रीव आपल्या परिवारासह आकाशातून चाललेला असतो. खाली रानात तांदळाचे दाणे दिसतात. चित्रग्रीव म्हणतो, माणसाचा वावर नसलेल्या या रानात तांदूळ आले कुठून? जरा विचार करा. पण थव्यातले एक गर्विष्ठ कबुतर त्याला वेड्यात काढते. इतकी शंका घेत बसलो तर पोट कसे भरणार, असा त्याचा सूर. सगळी उतरतात आणि अडकतात.

मग काय होते? जे आपल्याकडे होते तेच. ज्याच्या सांगण्यावरून उतरले त्या एकट्याला बाकीची सगळी दोष देऊ लागतात. चित्रग्रीव त्यांना आवरतो. ही दोष देण्याची वेळ नव्हे, आता धीर धरायचा आणि उपाय शोधायचा, असे तो सांगतो. मग सगळी एकदम जाळे घेऊन उडतात. पारधी मागे धावतो, कारण त्याला आशा असते की ही खाली येतील आणि माझ्या हाती लागतील.

ती त्याच्या नजरेआड होतात. पण वाचकहो, इथे नीट पाहा. उडाली तरी जाळे पायांत आहेच. एकीने ती पारध्याच्या हातून सुटली, जाळ्यातून नव्हे. जाळे कापायला कोणाचे तरी दात हवेत. चित्रग्रीव आपला मित्र हिरण्यक उंदीर याच्याकडे सगळ्यांना घेऊन जातो. हिरण्यक धावत येऊन आधी राजाचे पाश कापायला लागतो. तेव्हा चित्रग्रीव म्हणतो, थांब, आधी माझ्या माणसांचे काप. हिरण्यक म्हणतो, माझे दात नाजूक, शक्ती थोडी. एवढ्यांचे कापता कापता दात मोडले तर तुझे राहून जाईल. आधी तुझे कापतो, मग जमेल तसे बाकीच्यांचे. तरीही राजा ऐकत नाही. त्याचा तो थोरपणा पाहून हिरण्यकाला आनंद होतो आणि तो सगळ्यांचेच पाश कापतो.

दाण्यांबद्दलची शंका, अडकल्यावरची दोषारोपणी आणि पुढाऱ्याने आपला पाश शेवटी कापून घेणे, हा या गोष्टीचा गाभा आहे आणि चित्रपटात नेमका हाच आलेला नाही. जाळे उंदरांनी कापले, हे तिथे एका वाक्यात उरकते.

बौद्धांच्या जातककथांत याच जातीची एक गोष्ट आहे, लावा पक्ष्यांची. तीही जाळे घेऊन उडतात आणि काटेरी झुडपावर टाकून मोकळी होतात. पारधी रोज रिकाम्या हाताने घरी जातो. बायको कुरकुरते तेव्हा तो म्हणतो, जरा थांब, ही कधीतरी भांडतीलच. आणि तसेच होते. एक दिवस खाली उतरताना एकाचा पाय दुसऱ्याच्या डोक्यावर पडतो. चूक नकळत झालेली, पण शब्दाला शब्द लागतो. पुढच्या वेळी जाळे पडल्यावर 'तू उचल, तू उचल' करत सगळी तिथेच सापडतात. पारधी जाळ्याच्या जोरावर जिंकला नाही, भांडणाच्या भरवशावर जिंकला.

हे आपल्यासाठी का महत्त्वाचे?

कारण एकीचे धडे खेड्याला नवे नाहीत. आपल्याकडे सावड आहे. आज तुमच्या शेतात माझी माणसे, उद्या माझ्या शेतात तुमची. इर्जिक आहे. एखाद्याचे काम अडले की गावचे नांगर त्याच्या रानात उतरत आणि रात्री तिथेच पंगत बसे. दूध संस्था, विकास सोसायटी, पाणीवापर संस्था, बचत गट, ही सगळी जाळे घेऊन उडण्याचीच रूपे आहेत.

आणि या सगळ्यांत मोडते कुठे? उडण्यात नाही. उडायला सगळे तयार असतात. नारळ फुटतो, भाषणे होतात, फोटो निघतात. मोडते ते उतरल्यावर, पाश कापायच्या वेळी. पाण्याची पहिली पाळी कोणाच्या रानाला? कर्जाचा पहिला हप्ता कोणाला? सावडीत पावसाने एकच दिवस उघाडी दिली तर आधी कोणाची पेरणी? हातात चाव्या असलेला माणूस 'आधी माझ्या माणसांचे काप' म्हणतो की आपलाच पाय पुढे करतो, यावर संस्था टिकते किंवा बसते. ज्यांनी एखादी संस्था डोळ्यांदेखत बसलेली पाहिली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

चित्रपट मुलांना सांगतो की एक व्हा, बळ येईल. हे खरेच आहे. पण एक झाल्यावर काय, याचा पत्ता तो देत नाही. सात मिनिटांत सगळे कसे मावणार, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. शेवटच्या गाण्यातून चित्रपट पाखरांवरून थेट देशापर्यंत उडी मारतो, त्याऐवजी आणखी अर्धा मिनिट जाळ्यापाशी थांबला असता तर बरे झाले असते, असे मात्र वाटते. पाच वर्षांच्या मुलाला आंबा कळतो, देश कळायला वेळ लागतो. आणि आंबा काढल्यावर पहिली फोड कोणाला, हे तर त्याला फारच चांगले कळते.

गाण्यात रूप, पेहराव आणि भाषा यांची भिन्नता येते. आपल्या गावात मात्र पाखरे वेगळी बसतात ती जातीमुळे, भावकीमुळे आणि पक्षामुळे. तो धडा पडद्यावर नाही. तो पारावर, विहिरीवर आणि पंगतीत आपल्या वागण्यातूनच मुलांना मिळणार, बरा किंवा वाईट.

थव्याला राजा असतो का?

आता खऱ्या पाखरांकडे वळू. हिवाळ्यात सोलापूर-मराठवाड्याकडच्या ज्वारीवर भोरड्यांचे थवे येतात. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची ही पाखरे पार मध्य आणि पश्चिम आशियाकडून येतात. शेकड्यांनी उठतात, आकाशात एकदम वळतात, जणू एकच चादर कोणी झटकली. ज्वारी खातात म्हणून आपण त्यांना शिव्या देतो. पण तीच पाखरे नाकतोडे आणि टोळही फस्त करतात.

एवढा मोठा थवा एकमेकांवर न आदळता वळतो कसा? भोरड्यांच्याच कुळातल्या युरोपी पाखरांचे थवे इटलीतल्या रोम शहरावर दर हिवाळ्यात जमतात. शास्त्रज्ञांनी त्यांची छायाचित्रे घेऊन अभ्यास केला आणि २००८ साली तो प्रसिद्ध झाला. त्यात दिसले की प्रत्येक पाखरू सगळ्या थव्याकडे बघत नाही. ते आपल्या जवळच्या सहा-सात शेजाऱ्यांवर लक्ष ठेवते आणि त्यांच्याप्रमाणे वळते. शेजाऱ्याचे शेजारी, त्यांचे शेजारी, अशी साखळी जुळत जाते आणि हजारोंचा थवा एक होतो. हुकूम सोडणारा राजा तिथे लागत नाही. गोष्टीतल्या पाखरांना एक शहाणे पाखरू लागले. खऱ्या पाखरांना शेजाऱ्याकडे लक्ष एवढेच पुरते. लेकराला हेही सांगण्यासारखे नाही का?

बाकीचीही ओळख करून द्यावी. नांगरामागे चालणारे बगळे मातीतून वर आलेले किडे टिपतात. म्हशीच्या पाठीवर बसलेला कोतवाल उडते किडे झडप घालून पकडतो. चिमणी दाणे खाते हे खरे, पण पिलांना ती अळ्या आणि किडेच भरवते. हरभऱ्यात घाटेअळी दिसली की शेतात पक्षीथांबे रोवावेत, असे कृषी खाते सांगते ते याचसाठी. आणि ज्या घुबडाला आपण अशुभ म्हणून दगड मारतो, ते गव्हाणी घुबड रात्रभर आपल्याच शेतातले उंदीर मारत असते.

घरी काय करावे?

हा चित्रपट मुलांना जरूर दाखवा. पण मोबाईल हातात देऊन गोठ्यात जाऊ नका. सातच मिनिटे आहेत, शेजारी बसा. धार काढायला तेवढा उशीर चालतो.

संपल्यावर तीन प्रश्न विचारा. पाखरांना जाळे का दिसले नाही? उडाल्यावर ती सुटली होती का? आणि तू त्यांचा राजा असतास किंवा राणी असतीस, तर उंदराला आधी कोणाचे जाळे कापायला सांगितले असतेस? उत्तर चुकले तरी रागावू नका. 'आधी माझे' असे उत्तर आले तर हसून चित्रग्रीवाची गोष्ट सांगा. घरात आजी असेल तर तिला सांगू द्या. ती अधिक रंगवून सांगेल.

मग रविवारी पोरांना घेऊन बांधावर जा. एका वहीत दिसतील त्या पाखरांची नावे लिहू द्या, तुम्ही म्हणता ती गावाकडचीच नावे. कोणते दाणे खाते, कोणते किडे खाते, पुढे खूण करू द्या. महिन्याभरात वही भरेल आणि गोफण कोणावर फिरवायची, कोणावर नाही, हेही घरात सगळ्यांना कळेल.

आणि एक. येत्या हंगामात सावडीची किंवा पाण्याची पाळी ठरवायला बसाल, तेव्हा पोरांना बाहेर हाकलू नका. कोपऱ्यात बसू द्या. आपला बाप, आपली आई आधी कोणाचा पाश कापायला सांगते, हे त्यांना तिथेच पाहायला मिळेल.